मंगळवारी मोडणाऱ्या वस्तू

मंगळवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी झाली, पण गँग काही परत आली नाही. पाइपलाइनच्या पुढच्या तुकड्यात कुणाच्या तरी जमिनीचा वाद निघाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि काम थांबलं. वेल्डर, फिटर, खोदकामवाले, स्वयंपाकी, सगळे पांगले. मिरजगावच्या बाहेरच्या या माळावर उरलो मी, एक पत्र्याचा कंटेनर आणि डिझेल इंजिनावर चालणारी चार वेल्डिंग मशीनं. अमृत साहेब जाताना म्हणाले की रामहरी मिस्तरी, काम केव्हाही सुरू होईल, मशीनं तयार राहिली पाहिजेत. म्हटलं, राहतील.

लोकांना वाटतं, उभ्या मशीनला काय धाड भरलीय. खरं तर उभं मशीनच जास्त बिघडतं. बॅटरी उतरते, डिझेलच्या टाकीत पाणी धरतं, उंदीर एअर फिल्टरमध्ये संसार थाटतात. म्हणून दर मंगळवारी चारही मशीनं चालवायची असं ठरवून टाकलंय. आणि नुसती चालवून भागत नाही, लोड द्यावा लागतो, म्हणजे खरोखरीचं वेल्डिंग करावं लागतं. रिकामं चालवलं तर इंजिन पुरतं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं आणि सायलेन्सरमधून काळं तेल ठिबकायला लागतं. आज भंगारातले पाइपचे तुकडे एकमेकांना जोडत बसलो. काय बनवलं म्हणाल तर काहीच नाही.

गँग गेली ते एका परीनं बरंच झालं. सकाळी उठल्यापासून मोबाईलवर गाणी लावायचे. आता डोक्याला ताप नाही.

शनिवार, १६ नोव्हेंबर

ऑइल पाहिलं, रेडिएटरचं पाणी पाहिलं, फॅनबेल्टचा ताण पाहिला. सगळं ठीक. काल पाहिलं तेव्हाही ठीकच होतं.

राहात्याहून रोहिणीचा फोन आला. माझी पोरगी. तेच आपलं, अण्णा आता पुरे झालं, इकडेच या. दिवाळीत तिच्याकडे राहून आलो. जावई भला माणूस आहे, पण मी खोलीत पाऊल टाकलं की टीव्हीचा आवाज कमी करतो. नातीला सांगून ठेवलंय, आजोबांना त्रास देऊ नकोस. ती बिचारी देत नाही. दर थोड्या वेळानं कुणीतरी येऊन विचारतं, काही हवंय का? माणसाला दिवसभर काय हवं असतं? माझी बायको कौसल्या होती तेव्हा दिवसातून दहादा म्हणायची, सरका की जरा बाजूला. ती गेल्यापासून मला कुणी बाजूला सरका म्हटलेलं नाही.

या डायरीत पूर्वी मशीनचे तास लिहायचो. आता तास भरत नाहीत, म्हणून हे असलं लिहितोय. कुणी वाचणार नाही हेच बरं.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

तिसऱ्या नंबरचं मशीन चालू होतं. मान वर केली तर समोर एक बाई उभी. हातात फाटकाची तुटलेली बिजागरी. डोक्यावर पदर, वयानं माझ्यापेक्षा थोडी लहान असेल. किती वेळ उभी होती देव जाणे, मशीनच्या आवाजात काय ऐकू येणार. मी आधी ओरडलो की ठिणगीकडे बघू नका, डोळे जातील. मग मशीन स्लो केलं.

नाव बनुबाई. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर राहते. नवरा वारलेला, पोरं चाकणला कंपनीत, घरात ही आणि शेजारच्या खणात दीर, छगन म्हणून. बिजागरी जोडून दिली. पैसे किती म्हणाली, तर म्हटलं, पैसे नकोत, मलाच लोड पाहिजे होता. तिला ते काही कळलं नाही. मग सगळं समजावून सांगितलं, इंजिन रिकामं का चालवू नये, काळं तेल का ठिबकतं. तिनं मन लावून ऐकलं. साहेब लोकही इतकं ऐकत नाहीत.

जाताना विचारलं, पुन्हा काही मोडलं तर? म्हटलं, मंगळवारी या.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

बनुबाई आली. शेळीच्या साखळीची कडी निसटलेली. फालतू काम, पण केलं. तिनं स्टीलच्या डब्यातून ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या ओल्या दाण्यांची आमटी आणली होती. म्हणाली, कामाचं कायतरी घ्यायलाच पायजे. कंटेनरमध्ये मी रोज खिचडी टाकतो, त्यामुळे मी फार आढेवेढे घेतले नाहीत.

मंगळवार, ३ डिसेंबर

आज विळा. पात मुठीत घुसते तिथं मोडलेला. या बाईच्या घरात वस्तू फार मोडतात. माणसं जपून वापरत नाहीत.

तिनं एक प्रश्न बरा विचारला. काम संपलं तरी मशीन लगेच बंद का करत नाही? सांगितलं की तापलेलं इंजिन एकदम बंद करू नये, थोडा वेळ स्लोवर सोडून गार होऊ द्यावं, नाहीतर आतल्या आत भाजतं. लोडवर असताना कानाशी तोंड नेलं तरी ऐकू येत नाही, पण स्लोवर असलं की बोलता येतं. ती तिसऱ्या मशीनजवळच्या पाइपवर बसते आणि बोलते. धाकट्या पोराचं लग्न जमत नाही, शेळीला दोन करडं झालीत, सून फोनवर बोलताना मधेच ठेवून देते. मी आपला हं हं करतो. मधूनमधून कौसल्येचंही निघालं. तिच्याबद्दल मी एवढं रोहिणीशीही बोललेलो नाही.

थंडी पडायला लागल्यामुळे की काय, इंजिन गार व्हायला जरा जास्त वेळ घेतंय.

संध्याकाळी तिचा दीर येऊन गेला. छगनराव. मिशा, धोतर नाही पण चेहरा धोतरवाल्यांचा. फुकट वेल्डिंग कसं करता, म्हणून विचारलं. मी लोडचं सांगितलं. "अस्सं," म्हणाला आणि मशीनभोवती एक फेरी मारून निघून गेला. पटलेलं दिसलं नाही.

शुक्रवार, ६ डिसेंबर

काही नाही. बॅटऱ्यांच्या टर्मिनलला ग्रीस लावलं. आज अजून शुक्रवारच आहे.

मंगळवार, १० डिसेंबर

बनुबाई आज लोखंडी खाटेचा पाय घेऊन आली. अख्खा पाय, खाटेतून काढलेला, मधोमध दोन तुकडे झालेला, खांद्यावर टाकून. म्हशीनं लाथ मारली म्हणे. म्हैस खाटेवर काय करत होती कोण जाणे. मी टोकं नीट न बघताच जोडून टाकला, कारण आज हुरड्याचा विषय निघाला होता. तिच्या ज्वारीचा हुरडा अजून महिनाभरानं येईल. म्हणाली, तुमी असाल ना तवर? म्हटलं, काम सुरू झालं नाही तर असेन.

मशीन गार व्हायला आज फारच वेळ लागला. ऊन कलायला आलं तेव्हा बंद केलं.

एक नवीनच भानगड. तिसऱ्याच्या सायलेन्सरच्या तोंडाशी काळं तेल दिसलं. मी मंगळवार चुकवत नाही, लोड देतो, मग हे कुठून आलं? डिझेल भेसळीचं असणार. पंपवाल्याला जाऊन सांगितलं पाहिजे.

मंगळवार, १७ डिसेंबर

डोकं फिरलंय, म्हणून लिहून मोकळा होतो.

बनुबाई त्याच खाटेचा दुसरा पाय घेऊन आली, तसेच दोन तुकडे. या वेळी मी टोक उन्हात धरून पाहिलं. चाळीस वर्षं मी लोखंड मोडलेलं बघतोय. मोडलेल्या जागी दाणे दिसतात, कडा वाकलेली असते. हे टोक गुळगुळीत, चकचकीत, आणि त्यावर आडव्या बारीक रेघा. हॅक्सॉनं कापलेलं. आणि एवढ्यात कापलेलं, गंजसुद्धा धरला नव्हता.

छगनरावचा तो चेहरा डोळ्यांपुढे आला. त्यानंच पाठवलं असणार, बघ म्हणाला असेल हा मिस्तरी खरंच काम करतो की कंपनीचं डिझेल फुकट जाळतो. मला परीक्षा घेतलेली खपत नाही. मी म्हणालो, "बनुबाई, हे मोडलेलं न्हाई, कापलेलं हाय. माझी थट्टा लावलीय का? खरंच काय मोडलं तर या, न्हाईतर येऊ नका."

वाटलं होतं, भांडेल, दिराचं नाव घेईल. तिनं नुसता पाय उचलला, पदरानं त्याचं टोक पुसलं आणि गेली. डबा तसाच पाइपवर राहिला. हाक मारली, पण मशीन चालू होतं.

मी बोललो ते बरोबरच होतं. कापलेलं ते कापलेलंच.

मंगळवार, २४ डिसेंबर

चारही मशीनं चालवली. भंगारात जोडण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून आधी जोडलेलं कापलं आणि पुन्हा जोडलं. मशीन पाच मिनिटांत गार झालं. बंद केलं.

डबा घासून ठेवलाय.

रविवार, २९ डिसेंबर

अमृत साहेब न कळवता जीपनं आले. तिशीतला इंजिनियर, पण हाताला ऑइल लागल्याचं त्याला काही वाटत नाही, म्हणून मला आवडतो. तीन मशीनं बघून खूश झाला. तिसऱ्याच्या सायलेन्सरमध्ये बोट घातलं, काळंकुट्ट बाहेर आलं. म्हणाला, "काका, हे तर तासन्‌तास स्लोवर सोडल्यासारखं दिसतंय." मी म्हटलं, डिझेल खराब आहे. तो म्हणाला, "चारही एकाच टाकीतलं डिझेल पितात ना?" आवाज चढवून नाही, साधंच विचारलं. मी त्याला हात पुसायला फडकं दिलं.

मग बातमी सांगितली. इथलं काम आता वर्षभर तरी सुरू होत नाही. मशीनं हिंगोलीकडच्या कामावर जाणार, गुरुवारी ट्रेलर येतोय. मी सोबत गेलो तर बरंच, तिकडे मोठा कॅम्प आहे. नसेल जायचं तर इथंच हिशेब मिटवून घरी जायचं. वय झालंय, कुणी काही म्हणणार नाही. गुरुवारी ट्रेलरवाल्याजवळ सांगा म्हणाला.

जीप गेली आणि मी तिसऱ्या मशीनजवळ त्या पाइपवर जाऊन बसलो. पहिल्यांदाच बसलो. तिथून माझं काम करणारं तोंड दिसत असणार, वेल्डिंगच्या काळ्या काचेमागचं. आणि काच वर केली की मी.

खोटं कशाला लिहू, इथं वाचणारं कोण आहे. इंजिन गार व्हायला पाच मिनिटं लागतात, थंडी असो की ऊन. मी मशीन गार करत नव्हतो. मला ती बसायला हवी होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलो की रिकामं चालवू नका, आणि स्वतः दर मंगळवारी तेच करत होतो, आणि दोष पंपवाल्याला देत होतो. आणि तिला मात्र कापलेल्या पायाबद्दल बोललो.

तिनं का कापलं, ते मात्र अजून कळत नाही. परीक्षा नसेल तर काय? चांगली खाट कोण कापतं?

मंगळवार, ३१ डिसेंबर

सकाळी ती दिसली. माळाच्या पलीकडच्या अंगाला, बाभळीजवळ, शेळ्या घेऊन. एरवी इकडेच चारायची, आता लांबून नेते. मी मशीन चालू करायचं सोडून निघालो. डबा घेतला आणि जाताना हातात एक पाना घेतला. का घेतला ते सांगता येणार नाही, हाताला सवय.

डबा दिला. तिनं घेतला. म्हटलं, त्या दिवशी जास्त बोललो. तिनं शेळीकडे बघत नुसती मान हलवली. मग मीच विचारलं की चांगली खाट कशाला कापली, तुम्हाला छगनरावांनी पाठवलं होतं का?

तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यो कशाला पाठवतोय. त्येला कळू नये म्हनून तर कापली. मिस्तरी, मोडल्याबिगर यायचं कसं? इधवा बाई रिकाम्या हातानं परक्या बाप्याजवळ जाऊन बसली, तर दीर काय म्हनंल, गाव काय म्हनंल? हातात मोडकं कायतरी असलं की कुनी इचारत न्हाई. पयली बिजागरी खरीच मोडली हुती. पुढं काय मोडंनाच."

ती अख्खा पाय कापत बसली असेल, दीर शेतात गेल्यावर, गुडघ्याखाली धरून. लोखंडी नळी कापायला हाताची सालपटं निघतात. आणि मी ते टोक उन्हात धरून तिला गंज शिकवत होतो.

ती म्हणाली, "तुमी तरी पाना का आनलाय?"

मी पान्याकडे बघितलं. शेळीला कुठं नट असतो? आम्ही दोघंही हसलो, पण हसू फार टिकलं नाही. मग गुरुवारचं सांगितलं, हिंगोली, ट्रेलर. तिनं विचारलं की तिथंबी येकलेच का? म्हटलं, तिथं बरीच माणसं आहेत. ती म्हणाली, "मग जावा. मानसांत असावं." आणि शेळ्या वळवल्या.

मी म्हणायला पाहिजे होतं काहीतरी. जे म्हणायचं ते तोंडातच राहिलं आणि हातात पाना. परत येऊन चारही मशीनं चालवली. तिसरं चांगलं भरपूर लोडवर चालवलं, सायलेन्सर धडधडून लाल व्हायला आला, सगळं काळं जळून गेलं. रंग बदलून धूर साफ झाला. गडबडीत एक रॉड पार होल्डरपर्यंत जळला.

गुरुवार, २ जानेवारी

ट्रेलर सकाळीच आला. ड्रायव्हर श्रीमंत नावाचा, बोलका गडी. साखळ्यांनी चारही मशीनं आवळली. केबल गुंडाळल्या, होल्डर मोजून दिले, कंटेनरला कुलूप घातलं. माझी पेटी केबिनमध्ये टाकली आणि मी वर चढून बसलो. माळ मागे पडला. तिकडे बघितलं नाही.

मिरजगावात श्रीमंत चहाला थांबला. हिंगोलीचा कॅम्प कसा झकास आहे ते सांगायला लागला. मोठी मेस आहे, टीव्ही आहे, पंचवीस माणसं आहेत. मी ऐकत होतो आणि मला रोहिणीची खोली दिसत होती. तिथंही माणसं आहेत. माणसं असणं आणि कुणीतरी आपल्यासाठी खाट कापणं यात फरक आहे, एवढं मला या वयात कळायला हवं. कळलं, पण चहाच्या टपरीवर कळलं.

श्रीमंतला म्हटलं, तू पुढं हो. साहेबांना सांग, मिस्तरी मागून येईल, नाहीतर येणार नाही, ते फोन करून कळवेल. तो म्हणाला, काय विसरलं का? म्हटलं, हो. पेटी टपरीवाल्याकडे ठेवली आणि चालत निघालो.

वाटेत दोनदा वाटलं, परत फिरावं. हात कसे ठेवायचे तेच कळेना. एरवी बरोबर पाना असतो, पिशवी असते, निदान मोजपट्टी तरी असते. आज दोन्ही हात नुसते लोंबत होते. ओढ्याजवळ दोन बायका धुणं धूत होत्या, त्या थांबून बघायला लागल्या. मीही मग लपवाछपवी करायचं सोडून दिलं आणि सरळ मधल्या वाटेनं गेलो.

वस्तीवर छगनराव ओट्यावर बसले होते, दोरी वळत. मला बघून त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं, मग मागे बघितलं, काही ओढून आणलंय का ते. आत भांड्याचा आवाज चालू होता, तो थांबला.

"मिस्तरी, आज काय काम काढलं?"

मनात कितीतरी सबबी येऊन गेल्या. डबा, बिजागरी, ट्रेलर चुकला. सगळ्या चालल्या असत्या.

"काम काय न्हाई," मी म्हणालो. "बनुबाईंच्या इथं जरा बसायला आलोय."

छगनरावांच्या दोरीचा पीळ हातातल्या हातात उलगडत चालला होता, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी उभाच होतो, जा म्हणाले असते तर गेलो असतो. मग ते ओट्यावर थोडे बाजूला सरकले, मला जागा होईल इतके, आणि दाराकडे तोंड करून म्हणाले, "वैनी, पावनं आल्यात. चा टाका."